क्यूट डिझायनर: टूल चोख, पण मार्जिनचा आकडा दिसतो तसा नाही

क्यूट (Qt) या सी++ फ्रेमवर्कमध्ये डेस्कटॉप ॲप लिहिणाऱ्यांना डिझायनर या त्याच्या फॉर्म रचायच्या टूलची ओळख करून द्यायला नको. विजेट्स, म्हणजे बटण-टेबल असे घटक, ओढून फॉर्मवर टाकायची, त्यांची मांडणी सांभाळणारे लेआउट लावायचे, फाइल सेव्ह करायची. पुढचं, म्हणजे त्या फाइलीतून कोड बनवणं, यूआयसी हे टूल बघून घेतं. हल्लीच्या कागदपत्रांत त्याचं नाव क्यूट विजेट्स डिझायनर असं येतं. क्यूएमएल या क्यूटच्या दुसऱ्या यूआय भाषेसाठीचा डिझाइन स्टुडिओ वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. टूल जुनं आहे, मुरलेलं आहे, आणि भरपूर फॉर्म असलेल्या ॲपसाठी आजही डोळे मिटून घ्यावं असं आहे. फक्त एका बाबतीत डोळे उघडे ठेवायला लागतात. कॅनव्हासवर, म्हणजे फॉर्म रचतो त्या जागेवर, फॉर्मच्या कडेचं मार्जिन ९ पिक्सेल दिसतं आणि तोच फॉर्म चालवला की ते ११ होतं.

दोन पिक्सेलसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. बहुतेक फॉर्मवर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्या फॉर्मवर येतो तिथे तो भलत्याच रूपात येतो: नको तिथे स्क्रोलबार उगवतो, दोन विंडो शेजारी ठेवल्या की कडा जुळत नाहीत, आणि शोधायला गेलं की प्रॉपर्टी एडिटर शांतपणे ९ हाच आकडा दाखवत राहतो. आमच्या मते खरा दोष त्या दाखवलेल्या आकड्यात आहे. चित्र थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल, आकडा चुकीचा असून चालत नाही.

आधी हे स्वतः बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नवीन फॉर्म उघडताना 'डायलॉग विदाउट बटन्स' हा साचा निवडा. ४०० बाय ३०० चा रिकामा डायलॉग मिळेल. त्यावर एक फ्रेम टाका. फ्रेमशेप बॉक्स, फ्रेमशॅडो प्लेन, लाइनविड्थ १. आता फॉर्मच्या मोकळ्या जागेवर क्लिक करून कंट्रोल-२ दाबा, म्हणजे उभा लेआउट लागेल आणि फ्रेम चारी बाजूंनी ताणली जाईल. प्रॉपर्टी एडिटर तळापर्यंत सरकवला की 'लेआउट' हा विभाग येतो. त्यात डाव्या, वरच्या, उजव्या आणि खालच्या मार्जिनसमोर ९ दिसेल, साध्या अक्षरात. मग कंट्रोल-आर दाबून प्रिव्ह्यू उघडा. डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के ठेवून कॅनव्हास आणि प्रिव्ह्यू या दोघांचे स्क्रीनशॉट घ्या, ८०० टक्के झूम करा आणि कडेपासून फ्रेमच्या रेघेपर्यंतचे पिक्सेल मोजा. फ्यूजन स्टाइलमध्ये (स्टाइल म्हणजे विजेट्सचं रूप आणि मापं ठरवणारा क्यूटचा भाग) पहिल्यात ९ भरतील, दुसऱ्यात ११.

मोजायला फ्रेमच घ्या, बटण नको. बटणाची रंगवलेली कड त्याच्या खऱ्या चौकटीवर असतेच असं नाही. बऱ्याच स्टाइल सावलीसाठी किंवा फोकसच्या रेघेसाठी आत एखादा पिक्सेल सोडतात आणि मग मोजमाप १० येतं, १२ येतं, आणि माणूस गोंधळतो. प्लेन बॉक्स फ्रेमची रेघ बरोबर चौकटीवर पडते. पिक्सेल मोजायचा कंटाळा असेल तर कोडमधून लेआउटचे कंटेंट्समार्जिन्स छापून बघा, तिथेही ११ च येतील.

कारण अगदी साधं आहे. लेआउटला तुम्ही स्वतः मार्जिन दिलं नसेल तर तो ते स्टाइलला विचारतो, आणि स्टाइल उत्तर देण्याआधी बघते की ज्या विजेटवर हा लेआउट बसलाय ते विजेट स्वतंत्र विंडो आहे की दुसऱ्या कुणाच्या पोटात आहे. क्यूटच्या मूळ कॉमन स्टाइलमध्ये विंडोसाठी ११ आणि पोटातल्या विजेटसाठी ९ असे दोन वेगळे आकडे आहेत. लेआउटच्या आत लेआउट असेल तर आतल्याला शून्य. डिझायनरच्या कॅनव्हासवर तुमचा डायलॉग विंडो नसतोच. तो डिझायनरच्या स्वतःच्या एडिटर विजेटच्या पोटात बसलेला असतो. त्यामुळे स्टाइल प्रामाणिकपणे ९ सांगते, आणि प्रॉपर्टी एडिटर तोच आकडा तुमच्यापुढे ठेवतो. प्रिव्ह्यूमध्ये डायलॉग स्वतंत्र विंडो होतो आणि उत्तर बदलतं. कुणीच चुकीची आकडेमोड केलेली नाही. प्रश्न वेगळ्या परिस्थितीत विचारला गेला, एवढंच.

डिझायनरच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. 'विजेट' या साच्यावर बनवलेला फॉर्म पुढे टॅबच्या पानात बसेल की स्वतंत्र उघडेल हे टूलला कळणं शक्य नाही. तोच फॉर्म टॅबमध्ये टाकला तर मार्जिन ९ राहतं, पालक न देता दाखवला तर ११. मेन विंडोच्या बाबतीत तर कॅनव्हास बरोबरच असतो, कारण तिथे लेआउट सेंट्रल विजेटवर बसतो आणि सेंट्रल विजेट चालू ॲपमध्येही पोटातलंच असतं. म्हणजे मेन विंडोत ९ आणि तिच्यातून उघडणाऱ्या डायलॉगमध्ये ११, अशी तफावत क्यूटच्या डीफॉल्टमध्येच आहे. डायलॉगच्या साच्याबद्दल मात्र ही सबब चालत नाही. डायलॉग शंभरातल्या ९९ वेळा विंडो म्हणूनच उघडतो, आणि टूलला तो डायलॉग आहे हे ठाऊक असतं.

आता स्क्रोलबारचं. वरच्याच ४०० बाय ३०० च्या डायलॉगमध्ये फ्रेमच्या जागी टेबल विजेट ठेवा. चार कॉलम, आडव्या हेडरचा डीफॉल्ट सेक्शन साइज ९५, उभं हेडर बंद. कॉलमची एकूण रुंदी ३८०. कॅनव्हासवर हिशेब असा: ४०० मधून दोन्ही बाजूंचे ९ गेले, उरले ३८२, टेबलच्या स्वतःच्या चौकटीचे फ्यूजनमध्ये दोन बाजूंना एकेक गेले, उरले ३८०. चार कॉलम तंतोतंत बसतात, काटा हलत नाही. चालवल्यावर ४०० मधून २२ जातात, चौकटीचे २ जातात, आणि टेबलला मिळतात ३७६. चार पिक्सेल कमी पडले की आडवा स्क्रोलबार आला. तो आला की त्याने उंची खाल्ली. ओळीही नेमक्या मापाच्या भरल्या असतील तर खालची ओळ अर्धी झाकली जाते, म्हणून उभा स्क्रोलबार येतो, आणि तो पुन्हा रुंदी खातो. वर डायलॉगचा मिनिमम आणि मॅक्सिमम साइज सारखा करून ठेवला असेल तर वापरणाऱ्याला विंडो ताणून सुटकाही करून घेता येत नाही. दोन पिक्सेलची विसंगती ग्राहकाच्या स्क्रीनवर दोन स्क्रोलबार होऊन पोचते ती अशी.

या विशिष्ट दुखण्यावर सोपा उतारा म्हणजे हेडरच्या प्रॉपर्टीतली शेवटचा सेक्शन ताणण्याची खूण, म्हणजे स्ट्रेचलास्टसेक्शन, लावणे आणि कॉलमची बेरीज मुद्दाम पाच-दहा पिक्सेल कमी ठेवणे. नेमक्या मापाने टेबल बसवण्याचा हट्ट एरवीही धरू नये. फॉन्ट बदलला तरी ते मोडतं.

कंट्रोल-जे, म्हणजे ॲडजस्ट साइज, याचीही गत तीच. ते माप कॅनव्हासच्या ९ वर काढलं जातं आणि फाइलमध्ये तसंच लिहिलं जातं. चालू विंडोला आडवे चार आणि उभे चार पिक्सेल जास्त लागतात. बटणं आणि साधी लेबलं आपली किमान रुंदी सोडत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती लाइन एडिट, लिस्ट आणि टेबल यांना.

उपाय

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे सर्वात बाहेरच्या लेआउटचं मार्जिन स्वतः लिहून टाकणे. स्वतः दिलेला आकडा असेल तर लेआउट स्टाइलला विचारायला जातच नाही. मग कॅनव्हास, प्रिव्ह्यू आणि चालू ॲप तिन्हीकडे एकच माप. फॉर्म सिलेक्ट करा, लेआउट विभागात चारही मार्जिन भरा, आणि प्रॉपर्टीचं नाव ठळक अक्षरात आलं की समजा काम झालं. डिझायनरमध्ये ठळक नाव म्हणजे 'ही किंमत फाइलमध्ये जाणार', साधं नाव म्हणजे 'डीफॉल्ट, फाइलमध्ये काही लिहिणार नाही'. ही एवढी एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. ठळक झालेलं परत डीफॉल्टवर न्यायचं असेल तर त्या ओळीच्या टोकाला रीसेटचा छोटा बाण असतो.

इथे एक मेख आहे. ९ दिसतंय आणि तुम्हाला ९ च पक्कं करायचंय, म्हणून तुम्ही त्याच्यावर पुन्हा ९ टाइप केलं, तर किंमत बदललेलीच नसल्याने टूल त्याची दखल घेत नाही. नाव साधंच राहतं, फाइलमध्ये काही जात नाही. आधी १० करायचं, मग ९ वर यायचं.

पण ९ ठेवाच कशाला? आमची शिफारस चारच्या पटीतल्या आकड्यांची: बाहेरचं मार्जिन १२, आतलं अंतर म्हणजे स्पेसिंग ८. स्केलिंगमध्ये याचा फायदा दिसतो. १२ चे १२५ टक्क्यांना १५, १५० ला १८, १७५ ला २१ होतात, सगळे पूर्ण पिक्सेल. ९ चे अनुक्रमे ११.२५, १३.५ आणि १५.७५ होतात, ११ ची अवस्था त्याहून बरी नाही, स्पेसिंगचा डीफॉल्ट ६ आहे, त्याचेही १२५ टक्क्यांना ७.५. क्यूट ६ मध्ये अपूर्णांकी स्केल गोल न करता जसाच्या तसा वापरला जातो. त्यामुळे अशा अर्धवट मापांवर एक पिक्सेलची रेघ कुठे एक, कुठे दोन पिक्सेल जाड दिसते, आणि सारखी अंतरं डोळ्यांना कमीजास्त वाटतात. चारच्या पटीत मापं ठेवली की हा त्रास कमी होतो.

दुसरा मार्ग कोडचा. प्रॉक्सी स्टाइल, म्हणजे मूळ स्टाइलची काही उत्तरं बदलणारा क्लास, लिहून त्यात लेआउट मार्जिनच्या चार मेट्रिक्ससाठी एकच आकडा परत द्यायचा आणि ती ॲपला लावायची. शेकडो जुने फॉर्म असतील तर हेच व्यवहार्य आहे. मात्र डिझायनरला तुमच्या प्रॉक्सी स्टाइलची गंधवार्ता नसते, म्हणजे कॅनव्हास आणि ॲप यांच्यातली फट होती तशीच राहते. फक्त ॲपच्या आतल्या विंडो एकमेकींशी जुळतात.

स्टाइलशीटने, म्हणजे सीएसएससारख्या नियमांनी, हे सुटेल या आशेवर बरेच जण वेळ घालवतात. सुटत नाही. लेआउटचं मार्जिन ही स्टाइलशीटमधली प्रॉपर्टीच नाही. तिथलं मार्जिन आणि पॅडिंग विजेटच्या स्वतःच्या बॉक्सला लागतं, लेआउटच्या आकड्यात वर भर पडते.

फाइलमध्ये काय बघायचं

डॉट-यूआय फाइल म्हणजे साधी एक्सएमएल, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. बाहेरच्या लेआउटच्या टॅगमध्ये लेफ्टमार्जिन, टॉपमार्जिन, राइटमार्जिन, बॉटममार्जिन या चार प्रॉपर्टी दिसल्या तर मार्जिन पक्कं आहे. एकही दिसली नाही तर ते स्टाइलच्या मर्जीवर. चारपैकी दोनच दिसल्या, तर कुणीतरी डावं-उजवं भरून वरचं-खालचं विसरलंय. असे फॉर्म सर्वात फसवे, कारण त्यात आडवं अंतर जुळतं आणि उभं जुळत नाही. संपूर्ण प्रोजेक्टमध्ये लेफ्टमार्जिन हा शब्द शोधून ज्या फाइलींत तो सापडत नाही त्यांची यादी काढली की कामाचा आवाका कळतो.

त्याच फाइलमध्ये लेआउटडीफॉल्ट नावाची एक ओळ असू शकते, बहुतेक वेळा स्पेसिंग ६ आणि मार्जिन ११ अशी. जुन्या क्यूट क्रिएटरच्या साच्यांतून बनलेल्या फॉर्ममध्ये ती हमखास भेटते. ही ओळ असली की यूआयसी सी++ कोड बनवताना विजेटवर बसलेल्या लेआउटना ११ चं मार्जिन स्पष्ट लिहून टाकतं, मग ते विजेट विंडो असो वा पोटातलं. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये जुन्या फाइलीतलं सेंट्रल विजेट ११ वर आणि नव्या फाइलीतलं ९ वर, आणि दोन्हीकडे कुणी काही भरलेलं नाही! मेनूत फॉर्म, फॉर्म सेटिंग्ज, तिथे 'लेआउट डीफॉल्ट' हा भाग आहे. त्यातल्या खुणा काढल्या की ओळ जाते. मार्जिन पक्कं करण्याची मोहीम हाती घेतली तर ही सफाई आधी करा.

याच घरातली आणखी एक गोष्ट, आणि ही ९-११ पेक्षा जास्त वेळा दिसते. तीन बटणं एकत्र ठेवायला म्हणून फॉर्मवर रिकामं विजेट टाकलं आणि त्याला आडवा लेआउट लावला, तर त्या लेआउटलाही स्वतःचं ९ चं मार्जिन मिळतं. वरच्या ओळीतली लेबलं डावीकडे एका रेषेत, आणि ही बटणं ९ पिक्सेल आत. स्क्रोल एरियाच्या आतल्या कंटेंट्स विजेटचं तेच, त्यात त्याच्या चौकटीची भर. हे मात्र कॅनव्हासवर जसं दिसतं तसंच चालू ॲपमध्ये दिसतं, त्यामुळे टूलला दोष देता येत नाही. न दिसणाऱ्या डब्याचं मार्जिन शून्य करायचं, आणि शक्य तिथे डबा न वापरता थेट लेआउटमध्ये लेआउट ठेवायचा.

कॅनव्हास आणि ॲप वेगळे दिसण्याची उरलेली कारणं थोडक्यात. डिझायनर ज्या क्यूटवर बांधलाय त्याच क्यूटच्या स्टाइल तो दाखवतो. क्यूट ६.७ पासून विंडोज ११ वर नवी स्टाइल डीफॉल्ट आली; ॲप ६.७ वर आणि डिझायनर क्यूट ५ च्या कुठल्यातरी पायथन पॅकेजमधला, असं असेल तर बटणांची उंची आणि कोपरे जुळण्याची अपेक्षाच ठेवू नका. पायसाइड ६, म्हणजे पायथनमधून क्यूट वापरायचं पॅकेज, वापरत असाल तर त्याच्याबरोबर आलेला पायसाइड६-डिझायनर चालवा. मॅकची स्टाइल तर कोणती दोन कंट्रोल्स शेजारी आहेत त्यावरून त्यांच्यातलं अंतर ठरवते, तिथे कॅनव्हासवरचा एक आकडा सगळीकडे लागू होईल असं धरणंच चूक. प्रमोट केलेली, म्हणजे तुमच्या स्वतःच्या क्लासची जागा धरणारी, विजेट्स कॅनव्हासवर त्यांच्या बेस क्लासच्या रूपात येतात. साध्या क्यूविजेटवर स्टाइलशीटचा पार्श्वरंग उमटतो, पण त्यापासून बनवलेल्या तुमच्या क्लासवर स्टाइल्ड बॅकग्राउंडचा ॲट्रिब्यूट लावल्याशिवाय किंवा पेंटइव्हेंट लिहिल्याशिवाय उमटत नाही. कॅनव्हासवर निळं, चालवलं की करडं, ते यामुळे.

प्रिव्ह्यू हे या टूलचं सर्वात मोलाचं अंग, आणि त्याचा वापर सर्वात कमी होतो. कंट्रोल-आर तर आहेच, शिवाय फॉर्म मेनूतल्या 'प्रिव्ह्यू इन' मध्ये त्या मशीनवर असलेल्या सगळ्या स्टाइलमध्ये फॉर्म बघता येतो. मार्जिनच्या बाबतीत प्रिव्ह्यू खरं बोलतो. त्यामुळे सवयच अशी लावावी की कॅनव्हास रचनेसाठी आणि प्रिव्ह्यू मापासाठी.

दुसऱ्या टूलमध्ये असलं काही नसतं अशातला भाग नाही. व्हिज्युअल स्टुडिओचा विंडोज फॉर्म्स डिझायनरही डिस्प्ले स्केलिंगच्या बाबतीत अडखळतो, पण तो निदान वर पिवळी पट्टी दाखवून सांगतो की स्केलिंग १५० टक्के आहे, १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करायचं का. डिझायनरकडून आमची अपेक्षा तेवढीच आहे. डीफॉल्ट मार्जिनच्या जागी करड्या अक्षरात 'स्टाइलप्रमाणे' असं लिहावं, किंवा डायलॉगच्या साच्यासाठी कॅनव्हासने स्वतःला विंडो समजून ११ वापरावं. दुसरा पर्याय जास्त कामाचा, पहिला करायला सोपा.

नव्या माणसाने शिकायला घ्यावं का, तर जरूर घ्यावं. कंट्रोल-१, २, ५, ६ आणि लेआउट मोडायला कंट्रोल-० एवढ्या कळा हाताला बसल्या की फॉर्म झपाट्याने उभे राहतात. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये कुठल्या कंटेनरला लेआउट नाही हे चिन्हावरून लगेच कळतं, टॅब ऑर्डर आणि बडी (लेबलची जोडी ज्याच्याशी लावायची ते विजेट) लावण्याचे वेगळे मोड आहेत. या सगळ्यापुढे ९ आणि ११ चा घोळ किरकोळ आहे. पाचपैकी अर्धा गुण कापावा इतका.

क्यूटच्या बग ट्रॅकरवर अशा गोष्टी नोंदवणार असाल तर नोंद तपासणाऱ्याच्या हातात पूर्ण सामग्री द्या: शक्य तितकी छोटी डॉट-यूआय फाइल, डिझायनरची आवृत्ती आणि ॲप ज्यावर बांधलंय ती आवृत्ती अशा दोन्ही, स्टाइलचं नाव, डिस्प्लेचं स्केलिंग, आणि कॅनव्हास व प्रिव्ह्यूचे वेगवेगळे स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट पीएनजीच द्या. जेपीजीमध्ये एक पिक्सेलच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पुसट डाग येतात आणि मोजणाऱ्याला ९, १० की ११ हेच ठरवता येत नाही.